मदरशाच्या मागेही एक ‘सामेअ’ हवा

रमजानच्या रात्री इशाची नमाज झाली की तरावीह सुरू होते. पुढे एक हाफिज उभा असतो, म्हणजे ज्याला अख्खे कुरआन तोंडपाठ आहे असा. बऱ्याचदा तो सोळा-सतरा वर्षांचा, मिसरूड नुकतीच फुटलेला मुलगा असतो. रोज एक-सव्वा पारा या हिशेबाने तो तीस पारे महिनाभरात पुरे करतो, हातात ग्रंथ न घेता. मागे उभ्या असलेल्यांत दिवसभर पिरंगुटच्या कारखान्यात मशीनवर काम करून आलेले असतात, हिंजवडीतल्या कंपनीतून शिफ्ट संपवून हेल्मेटसकट आलेले असतात, आणि गावचे मुलाणी, तांबोळी, शेख असे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेलेही असतात. रमजानचे एवढे चित्र शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती वाचकांना ओळखीचे असते. इफ्तारचे खजूर आणि शीरखुर्मा तर घराघरांत पोहोचलेला आहे.

पण या नमाजेत आणखी एक माणूस असतो. बाहेरच्यांना तो माहीत नसतो आणि आतल्यांच्याही फारसा ध्यानात राहत नाही. पहिल्या रांगेत, हाफिजच्या अगदी पाठीमागे तो उभा असतो. त्याला ‘सामेअ’ म्हणतात, म्हणजे ऐकणारा. तोही हाफिजच असतो. पुढचा चुकला, एखादी आयत सुटली, दोन सारख्या आयतींमध्ये गोंधळ होऊन भलतीकडेच वळला, की हा मागून बरोबर शब्द मोठ्याने सांगतो. याला ‘लुकमा देणे’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. पुढचा तो घास घेतो, आयत नीट म्हणतो आणि पुढे जातो. कोणी नमाज मोडत नाही, कोणी हसत नाही, हाफिजची अब्रूही जात नाही. उलट सामेअ नसेल तर लोक कुजबुजतात की यंदा तरावीह नीट व्हायची नाही. परंपरेनुसार खुद्द प्रेषित मुहंमद (स.) दर रमजानमध्ये जिब्रील या देवदूतासमोर कुरआन म्हणून दाखवत, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्यांनी तसे दोनदा केले. म्हणजे तपासून घेण्यात कमीपणा नाही, ही शिकवण या महिन्याच्या मुळातच आहे.

मग हा हाफिज जिथे तयार होतो त्या मदरशाचे बाकीचे सगळे कोण ऐकते, असा प्रश्न पडतो. त्याचे पाठांतर काटेकोर तपासले जाते, यात शंका नाही. हिफ्जच्या वर्गात आजचा नवा धडा म्हणजे ‘सबक’, गेल्या काही दिवसांचा ‘सबकी’, आणि जुने सगळे म्हणजे ‘आमुख्ता’, असे तिन्ही रोज उस्तादासमोर म्हणून दाखवावे लागतात. एक अक्षर कंठातून यायचे ते जिभेच्या टोकावरून आले तरी थांबवतात. शाबानमध्ये वार्षिक परीक्षा होते, तिला अनेक ठिकाणी दुसऱ्या मदरशाचा परीक्षक बोलावतात. इतकी बारीक, रोजची, समोरासमोरची तपासणी राज्यातल्या किती नामांकित इंग्रजी शाळांत होते, हे पालकांनी मनाशी विचारून पाहावे. पण हाच मुलगा वजाबाकी करू शकतो का, एसटीवरची मराठी पाटी वाचू शकतो का, रात्री किती तास झोपतो, आजारी पडला तर कुणाला सांगतो, हे ऐकायला मागे कोणी उभे नसते. इथे ना परीक्षक येतो, ना लुकमा मिळतो.

इस्लामी शिक्षण म्हटले की डोळ्यांसमोर एकच चित्र येते, आणि तिथेच बहुतेक चर्चा फसते. गावच्या मशिदीत सकाळी किंवा संध्याकाळी तासभर भरतो तो मक्तब. तिथे मुले कायदा शिकतात, कुरआन पाहून वाचायला शिकतात, आणि उरलेला दिवस जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घालवतात. मुळशीसारख्या तालुक्यात गावच्या मुसलमान मुलांचा इस्लामी शिक्षणाशी येणारा संबंध बहुतांशी एवढाच. निवासी मदरसा वेगळा. तिथे मूल राहते, जेवते, वाढते. आणि मुस्लिम संस्थांनी चालवलेल्या उर्दू किंवा इंग्रजी शाळा या तिसऱ्याच. पुण्यातल्या आझम कॅम्पससारख्या ठिकाणी बोर्डाचा अभ्यासक्रम, बोर्डाची परीक्षा आणि शिक्षण खात्याची नोंद, सगळे इतर शाळांसारखेच असते. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन टक्के मदरशात जातात. उरलेल्यांचा प्रश्न साध्या शाळेचा आहे: वर्गात शिक्षक आहे का, आठवीनंतर मुलगी का थांबली. टीव्हीवरच्या चर्चेत तीन टक्क्यांवर सत्त्याण्णव मिनिटे जातात, हे खरे आहे. पण म्हणून त्या तीन टक्क्यांकडे पाहायचेच नाही, असे होत नाही. निवासी मदरशातले मूल आईबापांपासून दूर असते आणि स्वतःच्या वतीने बोलू शकत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे आधी पाहावे लागते.

तपासणी म्हणजे धर्मात ढवळाढवळ, असे समाजातले काही जण पटकन म्हणतात. त्यांनी आपलाच इतिहास चाळावा. मुस्लिम शहरांत ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी असे. बाजारातली वजनेमापे, भटारखान्यातले पीठ, खाटकाचे दुकान, हकिमाची औषधे तो तपासत असे. बाराव्या शतकात सीरियातल्या शैजरी या लेखकाने मुहतसिबांसाठी एक पुस्तिका लिहिली. त्यात नानबाई आणि कसाई यांच्याबरोबर मुलांना शिकवणाऱ्या गुरुजींवरही एक प्रकरण आहे. मुलांना मशिदीत बसवून शिकवू नये, कारण मुले भिंती आणि फरशी खराब करतात, असे त्यात आहे (आजच्या कुठल्याही मशिदीच्या विश्वस्ताला हे पटेल). हाड मोडेल अशा काठीने मारू नये, असे आहे. गुरुजींनी मुलांकडून स्वतःची कामे करून घेऊ नयेत, दगड-शेण वाहण्यासारखी आईबापांना कमीपणा आणणारी तर मुळीच नाही, असेही आहे. म्हणजे मदरशातल्या मुलाला उस्तादाच्या घरी भांडी घासायला लावणे गैर आहे, हे समाजाला आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होते, आणि ते पाहायला माणूसही नेमलेला होता. दोन शतकांनी इब्न खल्दूनने लिहिले की कडक मार खाऊन शिकणारे मूल खोटे बोलायला आणि लपवाछपवी करायला शिकते. परंपरा अशीही सांगते की हजरत उमर यांनी मदिनेच्या बाजारावर देखरेखीसाठी शिफा बिन्त अब्दुल्लाह या बाईंना नेमले होते. आज किती मदरशांच्या व्यवस्थापनात एक तरी आई आहे?

फार लांब जायलाही नको. १८६६ मध्ये देवबंदला दारुल उलूम सुरू झाले तेव्हा तिथे ठरलेला अभ्यासक्रम होता, लेखी परीक्षा होत्या, आणि दरवर्षी ‘रूदाद’ म्हणजे छापील अहवाल निघत असे. त्यात देणगीदारांची यादी असे, अगदी लहानसहान आणि वस्तुरूपातली देणगीसुद्धा नोंदलेली असे. राजेरजवाड्यांच्या वर्षासनावर नव्हे, लोकांच्या चार-आठ आण्यांवर संस्था चालवायची होती, म्हणून लोकांना हिशेब द्यावाच लागे. आज त्याच परंपरेचे नाव सांगणाऱ्या किती लहान मदरशांच्या भिंतीवर गेल्या वर्षीचा जमाखर्च लावलेला असतो?

याच महिन्यात हा प्रश्न विचारायला हवा, कारण पैसा याच महिन्यात येतो. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. बहुतेक लोक तो रमजानमध्येच काढतात. मदरशांचे ‘सफीर’ पावतीपुस्तक घेऊन मशिदीच्या दाराशी, दुकानात, सोसायटीच्या फाटकावर येतात. देणारा विचारतो, मुले किती आहेत? सफीर सांगतो, दीडशे. पावती फाटते. मुले शिकतात काय, हे फार थोडे विचारतात.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. या भागात बहुसंख्य असलेल्या हनफी मतानुसार जकातीचा पैसा गरजूच्या मालकीचा व्हावा लागतो. म्हणून तो गरीब विद्यार्थ्याच्या जेवणावर, कपड्यांवर खर्च करता येतो, पण इमारतीवर किंवा शिक्षकाच्या पगारावर थेट खर्च करता येत नाही. त्यातून वाटा काढणारे काढतात, ती वेगळी चर्चा. पण एकूण परिणाम असा होतो की जेवणाच्या ताटासाठी पैसा मिळतो आणि शिकवणाऱ्यासाठी मिळत नाही. मुले जितकी जास्त, तितका चंदा जास्त. शिक्षक चांगला असेल तर मात्र चंदा वाढत नाही. त्यामुळे चांगल्या हेतूने सुरू झालेला मदरसाही वसतिगृह म्हणून मोठा होत जातो आणि शाळा म्हणून होता तिथेच राहतो. यात कुणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही, पैशाची वाटच तशी पडली आहे. ती बदलायची तर देणाऱ्यांनी जकातीबरोबर स्वेच्छेचा थोडा ‘इमदाद’ किंवा सदका नेमका शिक्षकाच्या पगारासाठी म्हणून द्यावा आणि वर्षाने येऊन पाहावे. मुळशीतल्या एखाद्या मक्तबात शिकवणारे इमामसाहेब बहुधा नमाज, जनाजा, निकाह आणि मुले असे सगळे एकटेच सांभाळतात, तेही जमातीच्या तुटपुंज्या वर्गणीवर. त्यांच्याकडून उत्तम अध्यापनाची अपेक्षा धरणाऱ्यांनी आधी आपली वर्गणी आठवावी.

आता सरकारची बाजू. महाराष्ट्रात उत्तर प्रदेश, बिहार किंवा पश्चिम बंगालसारखे मदरसा मंडळ नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि मदरसे, वैदिक पाठशाळा व मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. वैदिक पाठशाळाही, हे लक्षात घ्यावे, कारण ही सवलत फक्त मदरशांना मिळाली असे अनेकांना वाटते. २०१३ मध्ये राज्याने डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली. नोंदणीकृत मदरशाने गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, इंग्रजी शिकवायचे ठरवले तर शिक्षकांचे मानधन आणि काही सुविधांसाठी अनुदान, असे तिचे स्वरूप. मग जुलै २०१५ मध्ये सरकारने जाहीर केले की हे विषय न शिकवणारे मदरसे शाळा मानले जाणार नाहीत आणि तिथली मुले शाळाबाह्य धरली जातील. खूप गदारोळ झाला. तेव्हा सरकारनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे राज्यात सुमारे १८९० मदरसे होते आणि त्यांतल्या ५५० मदरशांनी हे विषय शिकवायची तयारी दाखवली होती. शाळाबाह्य हा शब्द मुलाच्या हक्काचा आहे, त्याला शाळेपर्यंत आणण्याचे बंधन त्यात आहे. पण घोषणा अशी झाली की तो शब्द मदरशावरचा ठपका वाटला. ठपका ठेवल्यावर दारे बंद होतात, आणि तशी ती झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार आणि पदवीधर बी.एड. शिक्षकांचे आठ हजारांवरून अठरा हजार करण्याचा निर्णय झाला. निर्णय चांगलाच. पण मानधन दिले म्हणजे शिक्षण झाले, असे नसते. त्या शिक्षकाच्या वर्गातले मूल वर्षअखेर काय वाचू शकते, हे पाहिले तरच त्या अठरा हजारांचा अर्थ कळेल.

न्यायालयांनी या बाबतीत बरीच स्पष्टता आणली आहे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा शिक्षण कायदा वैध ठरवला, फक्त कामिल आणि फाजिल या उच्च पदव्यांचा भाग वगळला, कारण पदवी देणे हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचा प्रांत आहे. त्याच निकालात न्यायालयाने मान्य केले की संस्था चालवण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क आणि शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्याने केलेले नियमन, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. शाळांच्या बाजूला दुसरा पेच आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात, जे महाराष्ट्रातल्याच एका मुस्लिम शिक्षण ट्रस्टच्या नावाने ओळखले जाते, न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून पूर्ण सूट देणाऱ्या २०१४ च्या निकालाबद्दलच शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. उर्दू शाळांच्या व्यवस्थापनांनी त्या निकालाची वाट पाहत बसू नये. आपले शिक्षक पात्र असावेत, हे ठरवायला न्यायालय लागते का?

नोंदी नसल्या की काय होते, याचे उदाहरण पुण्याकडे येणाऱ्या गाडीतच घडले. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवून घेण्यात आली. ती पुणे आणि सांगलीकडच्या मदरशांत निघाली होती. बालतस्करीचा संशय घेऊन सोबतच्या पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. ते जवळजवळ चार आठवडे तुरुंगात राहिले. मुले बारा दिवस बालगृहांत होती, घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर. पुढे मार्च २०२४ मध्ये पोलिसांनीच गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, असे म्हणत प्रकरण बंद केले. संशय घेणाऱ्यांनी दाढी-टोपी पाहून संशय घेतला का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचबरोबर दुसराही प्रश्न रास्त आहे: आठ वर्षांचे मूल आईबापांशिवाय देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवताना प्रत्येकाचे संमतिपत्र, जन्माचा दाखला, मदरशाचे प्रवेशपत्र आणि घरच्यांचा फोन नंबर असलेली एक फाइल का नसावी? अशी फाइल पोलिसांसाठी लागते, ही समजूतच अपुरी आहे. त्या मुलाला खरोखर कुणी पळवून नेत असेल, त्या दिवसासाठी ती लागते.

निवासी मुलांचा हा प्रश्न एका धर्माचा नाही, हे पुणे जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. त्या परंपरेतून कीर्तनकारांच्या पिढ्या घडल्या. तिच्या आसपास अलीकडे अनेक खासगी निवासी वर्ग उगवले. काही ठिकाणांहून मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी आल्या, तेव्हा प्रशासनाने अनधिकृत संस्थांची तपासणी हाती घेतली आणि आळंदीकरांनीच ती मागणी लावून धरली. वारकरी परंपरेचा त्यात अपमान झाला, असे कुणाही सुज्ञ माणसाने म्हटले नाही. परंपरेच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांपासून परंपरा वाचवायची होती. मृदंग शिकणारा दहा वर्षांचा मुलगा आणि हिफ्ज करणारा दहा वर्षांचा मुलगा रात्री ज्या खोलीत झोपतात, त्या खोलीला खिडकी आहे का, दाराला बाहेरून कडी कोण लावते, हे पाहणारा माणूस दोघांनाही सारखाच लागतो. बालन्याय कायद्याचे ७५ वे कलम मुलाचा ताबा असणाऱ्या कुणालाही लागू आहे. कायदा जुब्बा आणि धोतर यांत फरक करत नाही.

मुळशीत हे सगळे बोलणे सोपे नाही. मे २०२५ मध्ये पौडला मंदिरातल्या मूर्तीच्या विटंबनेची निषेधार्ह घटना घडली. तालुक्याचे वातावरण बिघडले. पुढे काही ग्रामपंचायतींनी बाहेरगावच्या मुसलमानांनी गावच्या मशिदीत जुम्याच्या नमाजेला येऊ नये, असे ठराव केले. अशा दिवसांत मक्तबाचे दार उघडा, आत या, पाहा, असे म्हणणे काहींना शरणागती वाटेल. तसे वाटण्यामागे भीती आहे आणि ती खोटी नाही. पण दार लावून घेतल्याने ती कमी होत नाही. बंद दाराआड काय चालते याच्या कथा बाहेर आपोआप तयार होतात, आणि त्या नेहमी वाईटच असतात. ज्या गावात जिल्हा परिषदेचे गुरुजी वर्षातून दोनदा मक्तबात येऊन मुलांचे मराठी वाचन घेतात, त्या गावात अफवा पसरवणाऱ्याला पहिला प्रश्न गुरुजीच विचारतील.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २००५ पासून देशाला एक साधी युक्ती दाखवली आहे. मुलासमोर एक कागद ठेवायचा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यांतले काय वाचता येते ते पाहायचे, आणि मग वजाबाकी-भागाकार. पाच-दहा मिनिटांत काम होते. पदवीधर तरुणालाही ते जमते, बी.एड. लागत नाही. राज्याच्या शाळांसाठी ‘शाळासिद्धी’ नावाची स्वयंमूल्यमापनाची चौकट आली, सात क्षेत्रे आणि ४६ मानकांची. ती मदरशांना जशीच्या तशी लावणे म्हणजे सायकलला ट्रकचा परवाना मागण्यासारखे होईल. पण तिच्यातले पाणी, स्वच्छतागृह, सुरक्षितता, पालकांचा सहभाग हे भाग उचलून, त्यांना हिफ्ज-तजवीदची आपली कसोटी जोडून दोन पानांचा तक्ता करता येतो. भरायला तीन माणसे पुरतील: दुसऱ्या गावचा एक आलिम, शाळेचे एक गुरुजी किंवा बाई, आणि एक आई. शेवटचे माणूस वगळण्याचा मोह होईल, तो टाळावा. मुलगा सुकला आहे का, नखे वाढली आहेत का, डोळ्याला डोळा देतो का, हे तक्ता न वाचता तिलाच कळते.

समाजाने स्वतः उभारलेली देखरेख चालते का, याचे उत्तर केरळात आहे. तिथल्या ‘समस्त’ या उलेमांच्या संघटनेने १९५१ मध्ये धार्मिक शिक्षणाचे मंडळ स्थापले. आज त्याच्याशी दहा हजारांहून अधिक मदरसे जोडलेले आहेत. पाठ्यपुस्तके एक, पाचवी, सातवी, दहावी आणि बारावीला सार्वजनिक परीक्षा एक, आणि गावोगाव फिरणारे ‘मुफत्तिश’ म्हणजे तपासनीस. मूल सकाळी मदरशात जाते आणि मग साध्या शाळेत. कुणी शाळा सोडत नाही. सगळे आलबेल आहे असेही नाही. २०२५ मध्ये सरकारने हायस्कूलची वेळ अर्ध्या तासाने वाढवली तेव्हा मदरशाच्या तासाला धक्का लागतो, म्हणून ‘समस्त’ने विरोध केला. पण भांडण वेळापत्रकाचे होते, शाळा की मदरसा असे नव्हते. इंडोनेशियात तर शाळा आणि मदरसा यांचे दर्जा-मानांकन एकच राष्ट्रीय मंडळ करते. महाराष्ट्रातल्या उलेमांमध्ये विद्वत्तेची कमतरता नाही. नंदुरबारच्या अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मुहंमद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या जामियाने मदरशाच्या शेजारी अभियांत्रिकी आणि बी.एड. महाविद्यालये उभी करून दाखवली. कमतरता आहे ती गावागावांतल्या सुट्या मक्तबांना आणि लहान मदरशांना एका दोरीत ओवण्याची, आणि एकमेकांना लुकमा देण्याची.

लुकमा मिळाला नाही तर नुकसान कुणाचे, हे चौदा वर्षांच्या हाफिजकडे पाहिले की कळते. दस्तारबंदी होते, डोक्याला पागोटे बांधले जाते, आई रडते. पुढे काय? मनात आणले तर तो दहावीला बसू शकतो, राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय मंडळ आहे. पण १७ नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूल सहाव्या वर्षी थेट मदरशात गेले असेल तर तो दाखला कुठून आणायचा? आणि दाखला असला तरी मराठीचा पेपर आहेच. सहाशे पाने तोंडपाठ करणारी बुद्धी त्या पेपराला घाबरते, कारण तिला मराठीचे पहिले पुस्तक कुणी वेळेवर दिले नाही. हा मुलगा पुढे याच तालुक्यात इमाम होईल, तलाठ्याकडे जाईल, पोलीस पाटलाशी बोलेल, गावच्या बैठकीत बसेल. तिथे त्याला मराठी लागणार आहे. मराठी येणारा इमाम गावाला किती उपयोगी पडतो, हे गेल्या वर्षात मुळशीने पुरेसे पाहिले आहे.

मदरशांचे वर्ष शाबानमध्ये संपते आणि शव्वालमध्ये नवे सुरू होते. मधला रमजान सुट्टीचा, त्यामुळे निवासी मदरशांत शिकणारी बहुतेक मुले सध्या आपापल्या घरी आहेत. सहरीला उठतात, आईच्या हातचे खातात. त्यांना जवळ बसवून कुरआन ऐकावेच. त्याबरोबर आजच्या वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला द्याव्यात, बाजारातून पाच वस्तू आणायला पाठवून उरलेल्या पैशांचा हिशेब विचारावा, आणि तिथे कुणाची भीती वाटते का, हेही विचारावे, पण बाप खोलीत नसताना. ईद झाली की आठवडाभरात प्रवेश सुरू होतात. पुन्हा त्याच मदरशात पाठवायचे की नाही, हे तोवर ठरवायचे आहे. सफीर अजून काही दिवस येत राहतील. त्यांना पावतीच्या आधी एक साधा प्रश्न विचारता येईल: तुमच्याकडे शेवटचा परीक्षक कधी आला होता, आणि त्याने कुराणाशिवाय आणखी काय तपासले?